वासराच्या तोंडचे दूध

महाराष्ट्रात गाय किंवा म्हैस व्याली की घरोघरी पहिली आठवण होते ती खरवसाची. पहिल्या एक-दोन दिवसांचे ते घट्ट, पिवळसर दूध, म्हणजेच चीक, गूळ-वेलदोडे घालून शिजवला जातो, शेजारीपाजारी वाटला जातो आणि शहरांतील दुकानांतून तो चढ्या भावाने विकलाही जातो. या गोड रिवाजात कोणाचा हक्क डावलला जातो, याचा विचार मात्र क्वचितच होतो. चीक निसर्गाने निर्माण केला तो माणसाच्या जिभेसाठी नव्हे, तर नुकत्याच जन्मलेल्या वासरासाठी. त्यातला काही भाग वासराला मिळाल्यानंतर उरला आणि त्याचा खरवस झाला तर त्यात वावगे काहीच नाही. परंतु आधी कोणाचे आणि मागाहून कोणाचे, हा क्रम चुकला की त्याची किंमत त्या जनावराला, आणि पुढे त्याच्या मालकालाही, अनेक वर्षे मोजावी लागते. हा केवळ भूतदयेचा प्रश्न नाही. प्राण्याच्या आयुष्याचे पहिले दिवस त्याचे पुढचे शरीर आणि पुढची वागणूक कशी घडवतात, याविषयी गेल्या सत्तर वर्षांत जे ज्ञान हाती आले आहे, त्याच्या उजेडात तो अर्थशास्त्राचाही प्रश्न ठरतो.

चोवीस तासांची वाट

मानवी अर्भक जन्मतेवेळी आईच्या रक्तातील प्रतिपिंडांचा बराच साठा बरोबर घेऊन येते. गाईच्या वासराचे तसे नाही. गाईच्या वारेची रचनाच अशी आहे की रोगप्रतिकारक प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. वासरू जन्मते ते जवळजवळ निःशस्त्र. त्याची शस्त्रे चिकात असतात. जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत वासराच्या आतड्यांतून ही प्रतिपिंडे न पचता, जशीच्या तशी रक्तात उतरू शकतात. परंतु ही वाट तासागणिक आक्रसत जाते आणि सुमारे २४ तासांत बंद होते. त्यानंतर कितीही चीक पाजला तरी तो अन्न म्हणून उपयोगी पडेल, कवच म्हणून नाही. म्हणूनच वासराच्या वजनाच्या सुमारे एक दशांश, म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर चीक पहिल्या काही तासांतच मिळावा, असे पशुवैद्य सांगतात. आपल्याकडे अनेक ठिकाणी वार पडल्याशिवाय वासराला पाजू नये अशी समजूत आहे. वार पडायला कित्येक तास लागतात, आणि जी वेळ सर्वांत मोलाची तीच नेमकी वाट पाहण्यात जाते.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. चोवीस तासांनंतर दिलेल्या चिकात आणि पहिल्या तासात दिलेल्या चिकात पदार्थ म्हणून फारसा फरक करता येणार नाही. फरक आहे तो वेळेचा. बाजारात वस्तूची किंमत तिच्या वजनावर आणि गुणवत्तेवर ठरते, परंतु वाढत्या जिवाच्या बाबतीत वस्तूचे मोल ती केव्हा पोहोचली यावरही ठरते. आयुष्याच्या आरंभी अशा अनेक वाटा थोडा काळ उघड्या असतात आणि मग मिटतात. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात मांजरीच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांतून हेच सिद्ध झाले. जन्मानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत पिलाचा एक डोळा झाकून ठेवला, तर तो पुढे उघडल्यावरही मेंदू त्या डोळ्याचे काही ऐकेनासा होतो. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच काळ झाकला तरी काही बिघडत नाही. या संशोधनाबद्दल त्या दोघांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

जगणे आणि घडणे

चिकाचा प्रश्न जगण्या-मरण्याचा आहे. परंतु जगलेले वासरू पुढे कसे घडते, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. दुधाचा पैसा हातात येऊ लागला की वासराला किती दूध सोडायचे यावर दावणीपाशी रोज एक मूक सौदा होत असतो. पान्हा फुटण्यापुरते वासरू लुचायला सोडायचे आणि लगेच ओढून बाजूला बांधायचे, ही पद्धत सर्वपरिचित आहे. मोकळे सोडलेले वासरू दिवसाला आपल्या वजनाच्या एक पंचमांशापर्यंत दूध पिते. पुष्कळ गोठ्यांत, केवळ आपल्याकडेच नव्हे तर प्रगत देशांतही, त्याला त्याच्या निम्मेच देण्याची प्रथा पडून गेली. वासरू मरत नाही, तेव्हा भागले असे मानले जाते.

ते भागत नाही, हे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसून आले. दूध तोडण्यापूर्वीच्या आठवड्यांत कालवडीचे वजन रोज किती वाढले याची नोंद त्यांनी तिच्या पहिल्या वेतातील दुधाशी ताडून पाहिली. रोजच्या वाढीत एक किलोचा फरक, तर पहिल्या वेतात सुमारे ८५० किलो दुधाचा फरक, असे प्रमाण त्यांच्या विद्यापीठाच्या कळपात आढळले. दोन महिन्यांच्या वासराला काय मिळाले ते दोन वर्षांनी त्याच्या कासेत दिसले.

आणि प्रश्न केवळ कासेचा नाही, स्वभावाचाही आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही वासरे एकेकटी आणि काही जोडीने वाढवली. एका रंगाचा पडदा दिसला तर दूध मिळते, दुसऱ्या रंगाचा दिसला तर मिळत नाही, एवढे दोन्ही गटांतील वासरे शिकली. मग नियम उलटा करण्यात आला. जोडीने वाढलेल्या वासरांनी नवा नियम आत्मसात केला. एकटी वाढलेली वासरे मात्र जुन्याच नियमाला चिकटून राहिली. नव्या वस्तूची सवय होण्यासही त्यांना अधिक वेळ लागला. म्हणजे एकांतात वाढलेल्या जनावराला शिकता येत नाही असे नव्हे, तर शिकलेले बदलता येत नाही. नवा गोठा, नवा चारा, नवी माणसे यांच्याशी ज्या जनावराला आयुष्यभर जुळवून घ्यायचे आहे, त्याच्या दृष्टीने ही मोठीच उणीव म्हटली पाहिजे. आठ आठवड्यांहून मोठ्या वासराला एकट्याने कोंडून ठेवण्यास युरोपीय संघाच्या नियमांनी मनाई केली आहे. आपल्याकडे मोठे, यांत्रिक गोठे उभे राहत असताना त्यांच्या आराखड्यांत या गोष्टीचा विचार आधीच व्हायला हवा.

चाटण्याचे शास्त्र

असे का व्हावे, याचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांना सर्वाधिक मदत झाली ती उंदरांची. १९५०च्या दशकात सेमूर लेव्हिन यांच्या ध्यानात आले की, नवजात पिले रोज काही मिनिटे आईपासून दूर नेऊन परत ठेवली, तर ती मोठेपणी अधिक भित्री होण्याऐवजी उलट अधिक शांत निघतात. या कोड्याची उकल पुढे कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. परत आलेल्या पिलांना आई अधिक चाटते, आणि परिणाम होतो तो त्या चाटण्याचा. काही माद्या मुळातच पिलांना पुष्कळ चाटतात, काही कमी. पुष्कळ चाटलेल्या पिलांच्या शरीरात मोठेपणी संकटसमयी ताणाची संप्रेरके माफक स्रवतात आणि लवकर ओसरतात. कमी चाटलेली पिले आयुष्यभर दचकरी राहतात. यात रक्ताचा गुण किती आणि संगोपनाचा किती, हे पाहण्यासाठी पिलांची अदलाबदल करण्यात आली. तेव्हा पिले जन्मदात्रीच्या नव्हे, तर वाढवणारीच्या वळणावर गेली. इतकेच नव्हे, तर पुष्कळ चाटलेल्या माद्या पुढे स्वतःच्या पिलांनाही पुष्कळ चाटू लागल्या. जनुकांत बदल न होताही स्वभाव एका पिढीतून दुसऱ्या पिढीत उतरत होता. मेंदूतील ताणाचे नियमन करणाऱ्या एका जनुकावर काही रासायनिक खुणा असतात आणि ते किती उघडे राहावे हे त्या ठरवतात, तसेच आईच्या चाटण्यानुसार त्या पहिल्याच आठवड्यात बदलतात, असे या गटाने २००४ साली दाखवून दिले.

आपल्या भाषेने ही जाण फार पूर्वीच शब्दांत साठवलेली आहे. 'वात्सल्य' हा शब्द 'वत्स' म्हणजे वासरू यावरून आलेला आहे. व्यालेली गाय वासराला चाटून कोरडे करते, या दृश्यातूनच माणसाने आपल्या एका श्रेष्ठ भावनेला नाव दिले. त्या चाटण्याला शरीरशास्त्राचाही अर्थ आहे, हे आता कळू लागले आहे.

मात्र आरंभीच्या परिस्थितीचा परिणाम म्हणजे केवळ इजा, असे समजणे अपुरे ठरेल. कॅनडाच्या युकॉन प्रदेशातील तांबड्या खारींवर २०१३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. ज्या वर्षी जंगलात खारींची दाटी होते, त्या वर्षी झपाट्याने वाढणारी पिलेच हिवाळा पार करतात. संशोधकांनी प्रत्यक्ष दाटी नसताना खारींचे आवाज ध्वनिमुद्रित करून जंगलात ऐकवले. ते ऐकून गर्दी झाली आहे असे गाभण माद्यांना वाटले, त्यांच्या शरीरातील ताणाचे संप्रेरक वाढले आणि त्यांची पिले, कोणतेही जादा अन्न मिळाले नसताना, अधिक वेगाने वाढली. आई ही पिलाला मिळालेली पहिली वार्ताहर असते. पुढे काय वाढून ठेवले आहे याची बातमी ती आपल्या शरीरातूनच पोहोचवते, आणि पिलू त्या बातमीनुसार स्वतःला बांधून घेते. दचकरा उंदीर हा 'बिघडलेला' उंदीर नव्हे. शत्रूंनी भरलेल्या रानात दचकणाराच टिकतो. अडचण उद्भवते ती बातमी एका परिस्थितीची आणि आयुष्य दुसऱ्या परिस्थितीत, अशी फारकत झाली की.

दैव नव्हे

या साऱ्यावरून बालपण म्हणजे अटळ विधिलिखित, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी माकडाच्या पिलांना जन्मापासून एकांतात ठेवून जे प्रयोग केले, ते आज क्रूर वाटतात आणि ते तसे होतेच. उत्तर भारतात देवळांच्या आवारात हिंडणारे लाल तोंडाचे माकड, त्याच जातीची ही पिले होती. सहा महिने एकांतात राहिलेले पिलू पुढे स्वतःला कवटाळून एका जागी झुलत बसे, खेळत नसे. अशा माद्या आई झाल्यावर पोटच्या पिलाला झिडकारीत. परंतु याच हार्लो यांनी स्टीफन सुओमी यांच्यासह १९७०च्या दशकाच्या आरंभी दाखवले की, अशा एकाकी पिलांच्या सहवासात वयाने लहान, प्रेमळ, बिलगणारी पिले सोडली, तर काही महिन्यांत त्यांचे वागणे मोठ्या प्रमाणात सुधारते. आईपासून तोडलेल्या उंदरांच्या पिलांना पुढे प्रशस्त आणि सोबत्यांनी गजबजलेल्या पिंजऱ्यात ठेवले, तर त्यांच्या दचकण्याची भरपाई होते, असेही मीनी यांच्या गटाला आढळले. तात्पर्य, दुरुस्ती शक्य असते. परंतु जे आरंभी एका चाटण्याने साधले असते, त्यासाठी पुढे महिनोन् महिने झटावे लागते आणि तरी काही उणे राहण्याचा संभव असतो. बालपणाची उपेक्षा हे न फिटणारे कर्ज नसले, तरी चढत्या व्याजाचे कर्ज निश्चितच आहे.

शेतकऱ्याचा हिशेब

व्याजाचा उल्लेख आला, तेव्हा आता प्रत्यक्ष हिशेबाकडे वळले पाहिजे. कारण वासराला पोटभर दूध पाजण्यातच हित असेल, तर शेतकरी ते का पाजत नाही? तो अडाणी आहे, हे उत्तर सोपे आणि म्हणूनच संशयास्पद आहे.

समजा, कालवडीला साठ दिवस रोज दोन लिटर दूध अधिक पाजले. म्हणजे विकता आले असते असे १२० लिटर दूध तिच्या पोटात गेले. साधारण दहा लिटर दुधामागे एक किलो वजन वाढते असे धरले, तर तिची वाढ रोज सुमारे २०० ग्रॅमने अधिक होईल. कॉर्नेलचे प्रमाण लावले तर पहिल्या वेतात १७० लिटरच्या आसपास दूध अधिक मिळेल. ते प्रमाण परदेशी जातीच्या, उत्तम खुराकावरच्या कळपाचे आहे, आपल्या गोठ्यात ते तसेच उतरेल असे नाही. परंतु तर्क समजून घेण्यास ते पुरेसे आहे. १२० लिटर देऊन १७० लिटर मिळतात, तेव्हा व्यवहार फायद्याचा दिसतो. मात्र १२० लिटर आज द्यायचे आहेत आणि १७० लिटर सुमारे तीन वर्षांनी मिळायचे आहेत. बँकेच्या दराने, म्हणजे वर्षाला बारा टक्के धरून, त्या १७० लिटरचे आजचे मोल जेमतेम १२१ लिटर भरते. म्हणजे केवळ तोंडमिळवणी. आणि शेकडा दरमहा तीन रुपयांनी, म्हणजे सावकाराच्या दराने हिशेब केला, तर ते ६८ लिटरवर येते. ज्याच्या डोक्यावर असे कर्ज आहे, त्याने वासराच्या तोंडचे दूध काढून डेअरीत घातले, तर त्याचा हिशेब चुकलेला नाही. तो निष्ठुर नाही, अडाणीही नाही, तो गरीब आहे. गरिबीचा अर्थच हा की, भविष्याचे मोल माणसाला परवडेनासे होते.

या हिशेबात कालवड लवकर गाभण राहणे, मरतूक कमी होणे आणि पुढच्या वेतांतील दूध हे लाभ धरलेले नाहीत. ते धरले तर बँकेच्या दराने पाल्हाळ न लावता पारडे वासराच्या बाजूला झुकते, परंतु सावकाराच्या दराने झुकेलच असे नाही. म्हणून उपाय शोधायचा तो उपदेशात नव्हे, तर या दोन दरांमधील अंतरात. दूध संघांनी कालवडीच्या पहिल्या तीन महिन्यांच्या दुधासाठी उचल द्यावी आणि ती पहिल्या वेताच्या बिलातून हप्त्याहप्त्याने कापून घ्यावी. कालवड तिसऱ्या महिन्यात ठराविक वजनाची भरली, तर उचलीचा काही भाग माफ व्हावा. यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. गावोगावच्या संकलन केंद्रांत दुधाचे माप आणि फॅट यांची नोंद रोज दोनदा होतेच. त्या वहीत वासराच्या वजनाचा एक रकाना वाढवावा लागेल, इतकेच.

आपल्या पशुधन धोरणाची आतापर्यंतची दिशा मुख्यतः वंशसुधारणेची राहिली आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ' संस्थेने संकरित गाय शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली, हे कार्य मोठेच आहे. १९७० साली सुरू झालेल्या दूधमहापूर योजनेने त्या दुधाला बाजारपेठ दिली. २०२३-२४ मध्ये देशाचे दूध उत्पादन सुमारे २३.९ कोटी टन झाले आणि जगात या बाबतीत आपण पहिले आहोत. परंतु उत्तम वंश ही केवळ शक्यता असते. ती प्रत्यक्षात उतरते ती पहिल्या काही महिन्यांच्या आहारातून आणि सहवासातून. महागडी रेतमात्रा वापरायची आणि जन्मलेल्या वासराला अर्धपोटी ठेवायचे, म्हणजे उंची बियाणे घेऊन मुरमाड माळावर फेकण्यासारखे आहे.

गोठ्यापलीकडे

प्राण्यांवरून माणसाविषयी निष्कर्ष काढताना सावध राहिले पाहिजे. माणसाचे बालपण दीर्घ असते, त्याला भाषा असते, शाळा असते. तरीही हिशेबाचे स्वरूप सारखे आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि मुलांचा जो अभ्यास चालवला, त्यात ही बालके वजनाने कमी, पण त्या मानाने अंगात चरबी अधिक असलेली आढळली. त्यांच्या शरीराने पोटातच टंचाईची बातमी ऐकलेली असते, आणि पुढे सुकाळ भेटला तर मधुमेहाचा धोका उभा राहतो. जमैकात १९८०च्या दशकात वाढ खुंटलेल्या १२९ बालकांवर एक प्रयोग झाला. त्यांतील काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला जाऊन मुलांशी कसे खेळावे, कसे बोलावे हे आईला दाखवीत. वीस वर्षांनी या मुलांची कमाई तशी भेट न मिळालेल्या खुंटलेल्या मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी अधिक भरली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के मुले उंचीने खुंटलेली आहेत.

येथेही आई निष्ठुर नसते. बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच मजुरीला जाणारी स्त्री आजच्या रोजगाराचे मोल उद्याच्या वाढीहून अधिक धरते, कारण आजचा रोजगार बुडाला तर उद्या उजाडणारच नसतो. तिच्या आणि समाजाच्या व्याजदरातील हे अंतर भरून काढणे, हेच शासनाचे काम. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने ते तत्त्वतः मान्य केले. व्यवहारात मात्र ज्या अंगणवाडी सेविकेच्या हाती हे काम आहे, तिला अद्यापही वेतन नव्हे, मानधन मिळते. धरण, रस्ता, पूल यांवरील खर्चाला 'भांडवली' म्हणायचे आणि तीन वर्षांखालील मुलाच्या आहारावरील खर्चाला 'महसुली' म्हणून कात्री लावायची, ही अंदाजपत्रकाची परिभाषाच मुळात तपासून पाहण्याजोगी आहे. सावकाराचा दर शेकडा तीन असेल, तर शासनाचा दर पाच वर्षांनी येणाऱ्या निवडणुकीने ठरतो. आणि वासराचे काय किंवा मुलाचे काय, फळ त्या मुदतीत हाती येत नाही.

बैल गेला आणि झोपा केला, अशी म्हण आपल्या शेतकऱ्यानेच घडवली आहे. खुंटलेल्या कालवडीला खुराक, खुंटलेल्या मुलाला शिकवणी आणि प्रौढपणी मधुमेहाला औषध, हे सारे बैल गेल्यानंतरचे झोपे आहेत. ते करावे लागतीलच, परंतु त्यांवरचा खर्च वाचवण्याची संधी आरंभीच्या थोड्या दिवसांत मिळालेली असते. ते दिवस ज्याच्या पदरात पडतात त्याला मत नसते, आवाज नसतो आणि कोणत्याही वहीत त्याचा रकाना नसतो. तो रकाना उघडणे ही पहिली पायरी आहे, आणि ती दूध संघालाही परवडेल, राज्यालाही परवडेल.